ओळंबा खोटा की घर खोटे?

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही. लिहायला बसलो असतो तर हेच लिहावे लागले असते, म्हणून टाळत राहिलो. प्रकृती ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे.

मंगळवारी खळ्याच्या कडेला, जिथे गोठा होता तिथे, पहिली त्रिकोणी खोली उभी राहिली. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड. चिन्मयचे म्हणणे असे की पाहुणे आधी फोटो पाहतात आणि मग घर, आणि आपल्या माजघरात झोपायला कोणी पैसे मोजणार नाही. अशा तीन खोल्यांचा आगाऊ पैसा देऊन मी कागदावर सही केली. होय, मीच. हस.

तिरुवनंतपुरमला थंपानूरच्या बसस्थानकाजवळचे ते विटांचे गोल कॉफी हाऊस मला त्या रात्री सारखे आठवत राहिले. गोल फिरत वर चढणारी वाट, तिच्याच कडेने बांधून काढलेली बाकडी, जाळीतून येणारा वारा आणि तुऱ्याचा फेटा घातलेला तो वाढपी, ज्याला तू तिसऱ्यांदा कॉफी आणायला लावलीस. ते बांधणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर विटा कडेवर उभ्या लावून भिंतीत पोकळी ठेवतात, त्यामुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि आत उष्णता कमी पोचते, हे मी तुला समजावत होतो, आणि तू गंभीर चेहऱ्याने विचारलेस, "पोकळीत उंदीर भाड्याने राहणार का?" त्यावरून नागरकोइलपर्यंत आपण बोललो नव्हतो. उतरताना मात्र तू म्हणालास, "स्वतःचे घर बांधशील तेव्हा बघू." ते वाक्य पंचवीस वर्षे दबा धरून बसले होते.

आता त्या खोलीचे ऐक. भिंत आणि छप्पर एकच असल्यामुळे कपाट भिंतीला लागत नाही, आरसा टांगता येत नाही. असे तीव्र उतार बर्फाळ डोंगरात शोभतात, कारण बर्फ साचत नाही; पाणी आपल्याकडेही निथळेल, पण दाराच्या बाजूला पडवी नाही, त्यामुळे आषाढातली झड थेट गादीवर येईल. दुपारी तीनला मी आत पाच मिनिटे उभा राहिलो आणि सदरा पाठीला चिकटला. आबा गवंड्याने भिंत सरळ उभी आहे का ते पाहायला सवयीने वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेले वजन, सोडला, तो खाली भिंतीपासून चार हात दूर लोंबू लागला. आबा म्हणाला, "काका, ओळंबा खोटा की घर खोटं?" चिन्मयसुद्धा हसला.

मग मी हट्टाने ठरवले की उरलेल्या दोन खोल्या बेकर पद्धतीनेच बांधायच्या, आणि विटांच्या ट्रकचा भावही काढला. इथे माझी दुसरी चूक झाली असती. जहाजाची वाट पाहत मुंबईत अडकलेल्या बेकरांना गांधीजींनी सांगितले होते की घर बांधायचे सामान पाच मैलांच्या आतले असावे. आपल्या पाच मैलांत वीट कुठली? चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, खाण मात्र सड्यावर दिसते. केरळातली वीट रत्नागिरीत आणणे म्हणजे पुन्हा फोटोच. चिऱ्याची भिंत, जाळीसाठी मोकळी सोडलेली भोके, दारापुढे पडवी, आणि स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फक्त सळ्या धरून ठेवण्यापुरते असते, तिथे गोठ्याची उतरवलेली मंगलोरी कौले, एवढे जमेल असे वाटते. आबाने कौलांचा स्लॅब कधी टाकलेला नाही. चिन्मयला अजून सांगितलेले नाही, आणि आगाऊ रकमेचे काय, हे फॅब्रिकेटरलाही विचारलेले नाही.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याचे वहिनींकडून कळले, चालतोस ना? धाकटीच्या नोकरीबद्दल अभिनंदन, सविस्तर पुढच्या पत्रात.

तुला माझी खोड काढायचा अधिकार आहे, तो वापरून झाला की एखाद्या जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्या स्लॅबचे रेखाटन करून धाड. कौलांमध्ये सळ्यांसाठी किती अंतर सोडायचे ते लिही. चारशे कौले धुऊन पडवीत रचून ठेवली आहेत, त्यातली तीस-पस्तीस तडकलेली निघतील.

तुझा,
माधव