ढिगारेही पुरावाच

‘खाणीचा कचरा म्हणजे वारसा?’ हा लेख (रविवार पुरवणी) वाचला. उत्तर फ्रान्समधील कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, याची लेखकाने थट्टा केली आहे. ती पटली नाही.

उदाहरण आपल्याच देशात आहे. उदयपूरजवळच्या जावर येथे जस्त काढण्यासाठी वापरून फेकलेल्या मातीच्या मुशींचे (भट्टीत तापवायच्या भांड्यांचे) प्रचंड ढीग आहेत. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, त्यामुळे साध्या भट्टीत त्याची वाफ होऊन ते हातचे जाते. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून ती वाफ खाली उतरवली आणि थंड करून जस्त मिळवले. १९८३ च्या उत्खननात सापडलेल्या भट्ट्यांत अशा ३६ मुशी एका वेळी बसत. भट्ट्या मोजक्याच उरल्या आहेत. हे काम किती मोठ्या प्रमाणावर चाले, हे मात्र ढीगच सांगतात. (गावातील काही घरांच्या भिंतीही याच मुशींच्या आहेत!)

विषारी ढिगारे हलवावेत, याबद्दल दुमत नाही. पण सरसकट सपाटीकरणापूर्वी पुरातत्त्व खात्याकडून पाहणी व्हावी आणि निदान एखादा ढीग जागेवर राखावा.

— एक वाचक, पुणे