खुनी सापडला म्हणजे केस संपत नाही हो!

मा. संपादक,
स.न.

रविवारच्या पुरवणीत ओटीटीवर बघण्यासारख्या जुन्या विदेशी क्राईम मालिकांवर जो लेख आलाय त्यात 'प्राइम सस्पेक्ट'ला जेमतेम दोन ओळी मिळाल्यात आणि त्या पण काय, तर मालिका संथ आहे, संशयित सुरुवातीलाच कळतो, त्यामुळे मजा जाते. मी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात स्टेनो होते, खून खटल्यांच्या कितीतरी साक्षी माझ्या हातून टाइप झाल्यात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. अहो, संशयित आधी कळतो हाच तर त्या मालिकेचा जीव आहे!

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९९१ ची ब्रिटिश मालिका, आयटीव्हीवर लागली होती, लिहिलीय लिंडा ला प्लांट यांनी. जेन टेनिसन ही लंडन पोलिसातली डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर, काम केलंय हेलन मिरेनने. हुद्दा आहे, अक्कल आहे, पण खुनाची केस काही हिच्या वाट्याला येत नाही, दर वेळी कुठल्यातरी पुरुष अधिकाऱ्याला मिळते. मग एका खुनाचा तपास चालू असताना त्यावरचा अधिकारी शेफर्ड हार्ट अटॅकने जातो आणि ही साहेबाकडे जाऊन सरळ म्हणते, मला द्या. झालं, सगळं ऑफिस खवळतं. अजून माणसाचा दहावा नाही झाला आणि ही बाई खुर्ची मागायला आली, असं आपल्याकडे जे बोलले असते तेच तिकडे इंग्रजीत बोलतात. त्यात तो सार्जंट ओटली, शेफर्डचा खास माणूस, तो तर पहिल्या दिवसापासून हिच्या वाईटावर.

आता खरी गंमत. शेफर्डने तपास सुरू केला तेव्हाच माणूस उचललाय, जॉर्ज मार्लो. सगळ्यांना वाटतं केस खिशात. टेनिसन कागद वाचायला बसते आणि तिला कळतं की मेलेल्या मुलीची ओळखच चुकीची पटवलीय, बॉडी भलत्याच मुलीची आहे! म्हणजे पायाच कच्चा. मार्लोला सोडून द्यावं लागतं आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. तोच करणारा असेल असं हिला वाटतंय, पण वाटून काय उपयोग, कोर्टात सिद्ध कसं करणार, दोन भाग त्याच्यावरच आहेत. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर पोसलेली, शेवटच्या पानापर्यंत खुनी कोण याचा ध्यास, ते मलाही आवडायचं, पण कोर्टात नोकरीला लागल्यावर कळलं की कोण हा प्रश्न बहुतेक खुनांत पहिल्या दोन दिवसांत सुटलेला असतो, खरं रामायण त्याच्यानंतर.

एका बाई एपीआयची (सहायक पोलीस निरीक्षक) उलटतपासणी माझ्या चांगली लक्षात आहे. सकाळची वेळ, मुद्देमालाचं पाकीट कोर्टासमोर उघडलं, लाखेचं सील, लेबलवर दोन पंचांच्या सह्या, आत शर्ट, त्यावरचे डाग इतक्या वर्षांत चहा सांडल्यासारखे तपकिरी झालेले. त्याच्या आधी पहिला पंच फितूर झालेला, सही माझीच आहे साहेब पण पोलिसांनी कोऱ्या कागदावर घेतली, हे ठरलेलं वाक्य तो म्हणून गेला. मग आरोपीचे वकील बाईंवर सुटले. पंचनामा सुरू किती वाजता, संपला किती वाजता, संध्याकाळ होती तर उजेड कसला, खांबावरच्या लाईटचा म्हणता तर तो खांब नकाशात का नाही, सील तुमच्या समोर केलं का, ते पाकीट कलिनाच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबला जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होतं, त्या नोंदीवर सही कुणाची. दीड तास! बाई केस डायरीकडे न बघता उत्तरं देत होत्या आणि माझी बोटं दुखायला लागली तरी मला उठावंसं वाटत नव्हतं. ह्याला कोणी संथ म्हणेल का?

आपल्या मालिकांत यातलं काय दिसतं, सांगा. दरवाजा तोडतात, दोन कानाखाली देतात, आरोपी हुंदके देत सगळं कबूल करतो, म्युझिक, संपलं. आता कायदा काय म्हणतो बघा. पोलिसासमोर दिलेली कबुली आपल्याकडे आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही, आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. आरोपीने दाखवलेल्या जागेवरून हत्यार वगैरे निघालं तर त्यापुरतंच त्याचं बोलणं चालतं. म्हणजे आपल्या मालिका जिथे टाळ्या घेऊन संपतात तिथपर्यंत कोर्टाच्या हिशोबाने हातात शून्य आहे. ब्रिटनमध्ये वेगळं, तिकडे दमदाटी न करता घेतलेली कबुली कोर्टात चालते, म्हणून त्या मालिकेत चौकशीच्या खोलीतले टेप लावून केलेले सीन एवढे जीव मुठीत धरून बघावे लागतात, शिवाय डोक्यावर घड्याळ असतंच, आरोप न ठेवता साधारण २४ तास, वरच्या अधिकाऱ्याने वाढवले तर ३६, त्यापुढे कोर्टात जा, जास्तीत जास्त ९६. आपल्याकडे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभा करावा लागतो, मग रिमांड, मग खुनाच्या केसमध्ये ९० दिवसांत चार्जशीट नाही गेली तर आरोपी डिफॉल्ट बेल मागायला मोकळा. या ९० दिवसांवर एक सीझन आरामात निघेल! (शेवट सांगतेय, बघायची असेल तर पुढचं वाक्य सोडा.) तिकडे इतकं करून मार्लो कबूल होतो, स्टेशनात जल्लोष होतो आणि कोर्टात उभा राहिला की तोच माणूस म्हणतो, गुन्हा कबूल नाही. मी एकटी टीव्हीसमोर हसले, कारण हे वाक्य मी किती वेळा टाइप केलंय.

दुसरं म्हणजे बाई अधिकारी. लंडनच्या पोलिसांत बायकांचा विभाग १९७३ पर्यंत वेगळाच होता, बायका आणि मुलांची प्रकरणं त्यांच्याकडे, त्या साली तो मुख्य दलात मिसळला. टेनिसनच्या उमेदवारीच्या दिवसांवर २०१७ मध्ये जी मालिका आली ती नेमकी १९७३ मधली आहे, पण ती मला तितकी जमलेली वाटली नाही, कपडे आणि गाणीच जास्त. मूळची टेनिसन मात्र हवेतली नाही, जॅकी माल्टन नावाच्या खऱ्या महिला डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टरवरून लेखिकेने ती उभी केलीय. आपल्याकडे भरतीत ३० टक्के आरक्षण आहे, मीरा बोरवणकर मुंबई क्राईम ब्रँचच्या प्रमुख होऊन गेल्या, सगळं मान्य. पण खाली पोलीस स्टेशनला काय होतं, की अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेचा जबाब बाई अधिकाऱ्यानेच घ्यायचा असा नियम, आणि तो योग्यच आहे, पण बाया असतात मोजक्या, त्यामुळे पोक्सो म्हणजे लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या केसेस, छेडछाड, नवरा-बायकोची भांडणं सगळं त्यांच्या टेबलावर, वरून गणपती-नवरात्राचा बंदोबस्त, मग खुनाचा तपास शिकायला वेळ कधी मिळणार. आमच्या शेजारची पोरगी पीएसआय आहे, तिला मी विचारलं, खून कधी मिळाला का गं, तर म्हणाली, काकू, मिळाला ना, बॉडीजवळ गर्दी हटवायला.

मराठी चॅनलवाल्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की अशा एका मुलीची पहिली खुनाची केस लिहा. खाडीकाठी बॉडी सापडल्यापासून सुरू करा, पंच मिळत नाहीत, कोणीच व्हायला तयार नाही, सिव्हिलला पीएमसाठी ताटकळणं, लॅबच्या सीए (केमिकल अ‍ॅनालायझर) रिपोर्टसाठी स्मरणपत्रावर स्मरणपत्रं, साहेबाचा फोन, घरी सासू, आणि शेवटी पिंजऱ्यात उभं राहून ती उलटतपासणी. टेनिसनच्या घरी पण हेच चाललंय, जोडीदाराच्या कामाची माणसं जेवायला यायचीत आणि ही तपासात अडकलेली, पुढे तो कंटाळून निघून जातो. याला परदेशी विषय कोण म्हणेल.

बजेट लागत नाही फार. आणि लेखकांना माहिती कुठून मिळणार असं कोणी म्हणत असेल तर सेशन्स कोर्ट बहुतेक वेळा सगळ्यांना खुलं असतं, कोर्ट नाक्याला उतरा, मोबाईल बंद करा आणि मागच्या बाकावर बसा, फक्त आधी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघून जा, नाहीतर नेमकी तारीख पडलेली असते.

आपली,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)