इम्प्लांट काढल्यानंतरचे सहा आठवडे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात दर ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी माहितीपर लेख येतात आणि मी ते मन लावून वाचते, कारण २०११ साली मी स्वतः या आजारातून गेले आहे. गाठ कशी ओळखावी, तपासणी कधी करून घ्यावी, हे अशा लेखांमुळे आता खेड्यापाड्यातील बायकांनाही कळू लागले आहे. परंतु स्तन काढल्यानंतर त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतलेल्या आणि पुढे काही वर्षांनी ते काढावे लागलेल्या बाईने त्या शस्त्रक्रियेनंतर घरी कसे राहावे, याविषयी मराठीत चार ओळी शोधूनही मला मिळाल्या नाहीत. गेल्या श्रावणात ही वेळ माझ्यावर आली. त्या अनुभवातून जे कळले ते लिहिणे मला आवश्यक वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

शरीरात कोणतीही परकी वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती एक पातळ आवरण तयार करते. इम्प्लांटभोवतीही ते होतेच आणि बहुतेकींना त्याचा काही त्रास होत नाही. काहींच्या बाबतीत मात्र हे आवरण हळूहळू आवळत जाते, जाड होते आणि स्तन दगडासारखा कठीण व दुखरा होतो. ज्यांना रेडिएशन दिलेले असते त्यांना हा धोका अधिक असतो, आणि मी त्यांतलीच एक. शेवटच्या दोन वर्षांत मला कुशीवर झोपता येत नव्हते, दोरीवर कपडे वाळत घालायला हात वर जात नव्हता. दुसरे इम्प्लांट बसवणे किंवा पोटाची त्वचा व चरबी घेऊन नवा स्तन तयार करणे असे दोन पर्याय डॉक्टरांनी समजावून सांगितले. मी तिसरा निवडला. इम्प्लांट काढून छाती सपाट ठेवायची, असे ठरवून मी चौदा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले.

तेव्हापासून एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकले की त्याचीच मला भीती वाटू लागली. ‘आता काय, काढायचेच तर आहे.’ नातेवाइकांनी ते धीर देण्यासाठी म्हटले, शेजारणींनी काळजीपोटी म्हटले, रुग्णालयातही कुणीतरी ते सहज बोलून गेले. बसवायचे ऑपरेशन मोठे आणि काढायचे छोटे, असा सर्वांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी की माझ्यासारख्या बाईचे इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असते आणि घट्ट झालेले आवरण बरगड्यांना व स्नायूला चिकटलेले असते. ते सोडवून काढावे लागते. इम्प्लांट निघून गेल्यावर तिथे पोकळी राहते, तिच्यात द्रव साचतो, आणि रेडिएशन घेतलेली त्वचा भरून यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. हे सगळे ‘काढायचेच तर आहे’ या तीन शब्दांत झाकले जाते. मग विश्रांती मागणाऱ्या बाईलाच आपण नाजूकपणा करतो आहोत असे वाटू लागते.

मला एका खासगी रुग्णालयातून दुसऱ्या दिवशी घरी सोडले तेव्हा छातीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला प्लास्टिकचा एकेक फुगा होता. हातात दिलेला कागद इंग्रजीत होता. ‘ड्रेन रोज रिकामा करा’ इतकेच तोंडी सांगण्यात आले होते. गाडी फोंड्याच्या दिशेने निघाली आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला मी डोळे मिटून घेत होते. सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये मऊ उशी ठेवली की धक्के पुष्कळ कमी लागतात, ही साधी गोष्ट मला पुढच्या भेटीच्या वेळी समजली.

घरी माझ्या धाकट्या जावेने फुगा रिकामा केला, नीट धुतलेल्या हातांनी केला, आणि बूच लावून टाकले. दीड दिवस त्यात काहीच आले नाही म्हणून आम्ही आनंदात होतो. प्रत्यक्षात फुगा दाबून, आतील हवा काढून, तो दाबलेला असतानाच बूच लावायचे असते. त्याशिवाय आतला द्रव ओढला जात नाही. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेने यापूर्वी असा ड्रेन हाताळलेला नव्हता, तरी ती बिचारी आपला मोबाइल घेऊन माझ्या सर्जनशी बोलली आणि तिनेच आम्हाला ते करून दाखवले. तिचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवसापासून मी शाळकरी मुलांची चौरेघी वही घेतली आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक नळीतून किती मिलिलिटर द्रव आला, त्याचा रंग कसा होता, हे लिहू लागले. पहिले काही दिवस लाल, मग गुलाबी, नंतर फिकट पिवळसर, असा रंग बदलत गेला. चोवीस तासांत तीस मिलिलिटरपेक्षा कमी, आणि तेही सलग दोन दिवस, असा आकडा आल्यावर माझी पहिली नळी निघाली. ती नवव्या दिवशी, दुसरी बाराव्या दिवशी. प्रत्येक सर्जनचे मोजमाप थोडे वेगळे असते, म्हणून आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. पण वही ठेवावी, कारण ‘थोडे थोडे येते’ या उत्तरावरून डॉक्टरांना काहीही ठरवता येत नाही. नळी अंगावरच्या कपड्याला सेफ्टी पिनेने अडकवून ठेवली तर कूस बदलताना ओढ बसत नाही. पिन कपड्यातून घालायची, नळीतून नव्हे, हे वेगळे सांगायला नको, तरीही सांगते.

आपल्या हवामानाचा उल्लेख तर कुठल्याच कागदात नसतो. दाब देणारी घट्ट ब्रा काही आठवडे जवळपास दिवसरात्र घालायची असते आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती वाळत नाही. ओलसर ब्रा अंगावर घातल्याने तिच्या पट्ट्याखाली चार दिवसांत पुरळ उठले. दोन नव्हे, तीन घ्याव्यात, इस्त्री किंवा पंखा लावून पूर्ण वाळवाव्यात आणि मगच घालाव्यात, असे मी आता प्रत्येकीला सांगते. ज्यांची शस्त्रक्रिया तातडीची नाही त्यांनी डॉक्टरांशी बोलून ती डिसेंबर-जानेवारीत घेता येईल का, हे अवश्य पाहावे.

सहा आठवडे जड उचलू नका, असे मला सांगितले होते. आमच्या घरात जड म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारले नव्हते. विहिरीतून कळशी ओढणे आणि गॅसचा सिलिंडर हलवणे जड आहे हे कुणालाही समजते. विळीवर बसून नारळ खोवणे मात्र कुणी जड कामात धरत नाही. गोव्याच्या स्वयंपाकघरात ते रोजचे काम आहे, आणि त्यात दोन्ही हातांचा जोर थेट छातीच्या स्नायूवर येतो. पीठ मळण्याचेही तसेच. पाचव्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास) बांधायला माझे हात वर जाणार नाहीत हे घरच्यांनी मान्य केले होते, पण नेवऱ्यांचे (करंज्यांचे) पीठ आजवर मीच मळत आले होते आणि बरे वाटत होते म्हणून मी बसले. दुसऱ्या दिवशी एका बाजूला सूज आली. आत पुन्हा द्रव साचला होता आणि तो सुईने काढावा लागला. त्यानंतर तीन वेळा मला त्याच कारणासाठी जावे लागले. घरातील पुरुषांना माझी विनंती आहे की ‘तू आराम कर’ असे म्हणून बाहेर जाण्यापेक्षा नारळ खोवून ठेवावा. स्कूटरविषयीही तेच. आपल्याकडे बाईचे निम्मे जगणे स्कूटरवर असते, परंतु गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना आणि अचानक ब्रेक दाबण्याइतका, हँडल वळवण्याइतका जोर दुखल्याविना येत नाही तोवर ती चालवू नये.

विश्रांती म्हणजे पडून राहणेही नव्हे. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून अंगणात फिरायचे, खांदा आखडू नये म्हणून डॉक्टर सांगतील तेवढे हात हलवायचे, आणि पाठीवर, डोके व पाठ थोडी उंच ठेवून झोपायचे. मला त्या दिवसांत जेवण जात नव्हते, तेव्हा पेज, डाळ आणि अंडी यांवर मी राहिले. एका बाजूला एकाएकी वाढणारी सूज, ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, पू, पोटरीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. छातीत दुखून श्वास कोंडत असेल तर सरळ १०८ ला फोन करावा.

मनाविषयी थोडे लिहिते. पट्टी पहिल्यांदा सुटली त्या दिवशी मी आरशाकडे पाठ करून उभी राहिले. छाती नुसती सपाट नव्हती, एका ठिकाणी खोलगट होती, आणि कातडी बधिर होती. पुढे त्या बधिर जागेत मधूनच वीज चमकल्यासारखी कळ यायची. मज्जातंतू पुन्हा जुळताना असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा जीव भांड्यात पडला. आकार स्थिरावायला काही महिने लागतात, म्हणून पहिल्या महिन्यातल्या रूपावरून काहीही ठरवू नये. मला दुःख झाले आणि त्याच आठवड्यात, कित्येक वर्षांनी श्वास मोकळा झाल्यासारखेही वाटले. दोन्ही खरे होते. तिसऱ्या महिन्यात मी पहिल्यांदा डाव्या कुशीवर झोपले.

ज्या तरुण मुलींनी आजारामुळे नव्हे तर स्वतःच्या इच्छेने इम्प्लांट बसवून घेतले आणि आता त्या काढू इच्छितात, त्यांची अवस्था अधिक कठीण असते, कारण त्यांना घरात सांगायचीही चोरी. त्यांना दोष देऊ नये, एवढेच मी वडीलधाऱ्यांना सांगेन. इम्प्लांट जन्मभर टिकणारी वस्तू नाही, हे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन स्पष्टपणे सांगते. २०२१ साली त्यांनी इम्प्लांटच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा देणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी बाईला धोक्यांची यादी समजावून सांगणे बंधनकारक केले. थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा अशा तक्रारी अनेकजणी इम्प्लांटशी जोडतात. त्याला अजून निश्चित निदानाचे स्वरूप आलेले नाही, पण काढल्यावर बरे वाटल्याचे सांगणाऱ्या पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. भोवतालचे आवरण संपूर्ण, अखंड काढलेच पाहिजे, असा आग्रह मात्र सरसकट धरू नये. इम्प्लांटशी संबंधित लिम्फोमा नावाचा एक दुर्मीळ कर्करोग असतो, त्यात ते तसे काढणे आवश्यक ठरते. इतरांच्या बाबतीत जास्त काढणे म्हणजे जखम मोठी होणे, आणि बरगड्यांना चिकटलेले आवरण सोडवताना फुप्फुसाच्या आवरणालाही इजा पोहोचू शकते. काढलेले आवरण तपासणीला पाठवले का आणि अहवाल काय आला, हे मात्र विचारावे.

जुलै २०१९ मध्ये याच लिम्फोमाच्या कारणाने खरखरीत पृष्ठभागाचे एका प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत मागवण्यात आले. त्रास नसलेल्यांनी ते काढण्याची गरज नाही, असेही तेव्हाच सांगण्यात आले होते. ती बातमी वाचून मी माझी कागदपत्रे उपसली, तर माझ्या छातीत कोणत्या कंपनीचे, कोणत्या प्रकारचे इम्प्लांट आहे याची नोंदच त्यांत नव्हती. ज्या रुग्णालयात ते बसवले होते तिथे ‘इतकी जुनी फाइल मिळणार नाही’ असे उत्तर मिळाले. त्यानंतरची सहा वर्षे मी त्या अनिश्चिततेत काढली.

म्हणून माझी आरोग्य खात्याकडे आणि सर्व रुग्णालयांकडे मागणी आहे. इम्प्लांटचे कार्ड, त्यावरील क्रमांकासह, रुग्णाच्या हातात मिळालेच पाहिजे, आणि ते काढतानाही त्याची नोंद झाली पाहिजे. वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेणारी राष्ट्रीय यंत्रणा २०१५ पासून आपल्या देशात आहे, हे मला कोणत्याही टप्प्यावर कुणी सांगितले नाही. घरी सोडताना दिला जाणारा कागद मराठीत आणि कोकणीत असावा. १९८७ च्या राजभाषा कायद्याने या राज्याच्या कारभारात दोन्ही भाषांना स्थान दिले आहे. ज्या राज्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षण दिले जात आहे, तेथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने असे दोन पानी पत्रक तयार करणे अवघड नाही. आणि प्रत्येक तालुक्यात निदान एका परिचारिकेला ड्रेनची निगा शिकवावी, जेणेकरून एवढ्याशा कामासाठी काणकोणच्या किंवा सत्तरीच्या बाईला टाके ओले असताना बांबोळीला या महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत जावे लागू नये.

माझ्या इंग्रजी कागदाचे मराठी भाषांतर मी स्वतः केले असून ते माझ्या सर्जननी वाचून दुरुस्त करून दिले आहे. त्याची एक प्रत आणि माझ्या वहीतील ड्रेनच्या नोंदींचा तक्ता या पत्रासोबत पाठवत आहे. जागा असल्यास तो छापावा. नसल्यास आपल्या कार्यालयात ठेवावा आणि कुणी भगिनी विचारत आली तर तिला द्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा तालुका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)