डॉक्टरसाहेब, पाळी कशी आहे हे पण विचारा

माननीय संपादक, सा. न. वि. वि.

आपल्या पेपरात शुगर, बीपी, गुडघे सगळ्यावर येतं, पण पेरीमेनोपॉज म्हणजे पाळी पूर्ण जायच्या आधीची जी वर्षं असतात त्यावर नीट काही वाचल्याचं आठवत नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या इंदूरात लोकमान्य नगर घ्या की सुदामा नगर, बायका एकमेकींना "गेली का गं तुझी?" एवढंच विचारतात. पण शरीर त्याच्या कितीतरी आधी बदलायला लागतं, आणि हे चार-चार वर्षं, कुणाकुणाचं आठ वर्षंसुद्धा चालतं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ ला जाते, म्हणजे ४१-४२ लाच सुरुवात झालेली असू शकते आणि त्या वयात पोरांची दहावी-बारावी, सासूबाईंचं दुखणं, यातून स्वतःकडे बघतंय कोण.

माझ्या नणंदेला रात्री खाडकन जाग यायची, गाऊन घामाने ओला, छातीत धडधड. ऐन जानेवारीत स्वेटर काढून पंखा लावायची. हार्टवाल्या डॉक्टरकडे नेलं, ईसीजी इको नॉर्मल. मग खांदा आखडला म्हणून हाडवाल्याकडे, मग चिडचिड आणि रडू येतं म्हणून झोपेची गोळी. पाळी कशी आहे हे मात्र एकानेही विचारलं नाही! ती तेव्हा कधी वीस दिवसांनी तर कधी दीड महिन्याने येत होती. मला राग याचाच येतो. हृदय तपासायलाच पाहिजे, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण, कारण त्यातही असंच होतं, पण तो एक प्रश्न विचारायला कितीसा वेळ लागतो?

तारीख सात-आठ दिवसांनी पुढेमागे व्हायला लागली, झोप मोडते, सांधे दुखतात, साधी नावं आठवत नाहीत, तर कालनिर्णयवर तारखा लिहायला लागा आणि तेच घेऊन डॉक्टरकडे जा. या काळात हॉर्मोन सारखे वरखाली होतात त्यामुळे एका रक्ततपासणीवरून काही ठरत नाही, पंचेचाळिशीनंतर तर लक्षणं आणि पाळीचा हिशोब यावरूनच कळतं. जागा कोरडी पडणं, नवऱ्याजवळ जाताना दुखणं, लघवीला सारखी जळजळ, हे तर बायका जिवाभावाच्या मैत्रिणीलाही सांगत नाहीत, पण यावर साधी क्रीमं असतात हो, डॉक्टरला सांगायला हवं. आणि पाळी अनियमित झाली म्हणजे आता दिवस जाणार नाहीत असं समजू नका, जाऊ शकतात.

अंगावरून खूप जात असेल, तासाभरात पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील तर "जायच्या वेळी असंच होतं" म्हणत अंगावर काढू नका, रक्त कमी होऊन बाई चक्कर येऊन पडते. पाळी बारा महिने बंद राहून परत जरा जरी डाग दिसला तरी लगेच दाखवा. आणि कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढून टाका म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या, गोळ्या आहेत, हॉर्मोनवाली कॉपर टीसारखी वस्तू बसवतात, आधी ते विचारा. पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी पण काढल्या तर जे हळूहळू व्हायचं ते एकदम येऊन आदळतं, हाडंही लवकर ठिसूळ होतात. ऑपरेशन लागतं तिथे लागतंच, पण बाईला हे सगळं आधी कळायला हवं की नाही?

१८ ऑक्टोबरला जागतिक मेनोपॉज दिवस असतो. त्या सुमारास आपण एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा सविस्तर लेख छापावा आणि इथल्या महिला मंडळांनी पाककृती स्पर्धेसोबत एक दुपार यासाठी ठेवावी, नवऱ्यांना आणि वयात आलेल्या मुलांनाही बोलवावं, कारण रात्री तीनला आई जागी का असते हे त्यांनाही माहीत असायला पाहिजे.

आपली एक वाचक,
लोकमान्य नगर, इंदूर