‘प्लेझर’ला सरसकट ‘आनंद’ म्हणू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत गेल्या आठवड्यात मेंदू आणि मनःस्वास्थ्य यांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. विषय निकडीचा आहे आणि लेखकाने तो कळकळीने मांडला आहे. पण प्लेझर, जॉय, हॅपिनेस आणि एन्जॉयमेंट हे चारही इंग्रजी शब्द त्यात एकाच ‘आनंदा’त कोंबलेले दिसले, आणि जिथे हा फरक सगळ्यात मोलाचा असतो तिथेच, म्हणजे नैराश्याच्या लक्षणांच्या चौकटीत, तो पुसला गेला. मी पंचवीस वर्षं अनुवादाचं काम करते, त्यातलं बरंचसं वैद्यकीय. या एका शब्दाने मला जे शिकवलं ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

नैराश्य ओळखण्यासाठी डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. तिच्यातला पहिलाच प्रश्न ‘इंटरेस्ट’ आणि ‘प्लेझर’बद्दल आहे: गेल्या दोन आठवड्यांत काही करण्यात यांतलं एखादं कमी वाटलं का, आणि किती दिवस. त्याच धर्तीच्या एका प्रश्नावलीचं मराठी मी करत होते. मसुद्यात मी बिनदिक्कत ‘आनंद’ लिहिलं. अशा कामात मसुदा झाला की तो काही माणसांना वाचून दाखवायचा आणि त्यांना काय समजलं ते विचारायचं, अशी पद्धत असते.

एका बाईंसमोर मी बसले होते. साठीच्या पुढच्या, हातात लोकरीचं विणकाम, बोलतानाही सुया चालूच. मी वाचलं, ‘काही करण्यात आनंद वाटत नाही, असं किती दिवस झालं?’ त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या. ‘अहो, भाऊ जाऊन महिना नाही झाला. आनंद कसला वाटायचा? रोजच लिहा.’ मी ‘जवळजवळ रोज’च्या रकान्यात खूण केली. त्यांनी विणकाम पुन्हा उचललं, टाके मोजले, एक चुकलेला उसवला, पुन्हा घेतला, आणि मग विणलेला तुकडा गुडघ्यावर पसरून त्यावरून सावकाश हात फिरवला. मला राहवलं नाही. विचारलं, ‘विणताना बरं वाटतं?’

‘वाटतं की. सुया चालतात तोवर जीव थाऱ्यावर असतो. नात येऊन कुशीत शिरते, तेव्हाही बरं वाटतं.’

त्या बाई शोकात होत्या. त्यांचं प्लेझर मात्र शाबूत होतं, आणि माझ्या एका शब्दामुळे कागदावर ते गेल्याची नोंद झाली होती. शोकातसुद्धा माणसाचं मन मधूनच कशात तरी रमतं. नैराश्य गहिरं असलं की बहुधा तेच रमणं जातं. आवडीचं काम हातात असतं, वेळ असतो, आणि त्यात गोडी म्हणून वाटत नाही. या अवस्थेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी १८९६ साली ‘अ‍ॅन्हेडोनिया’ असं नाव दिलं. ‘हेडोने’ म्हणजे ग्रीक भाषेतलं प्लेझर, त्याचा अभाव. पहिला प्रश्न याचाच माग काढत असतो. आयुष्यात आनंद आहे का, हे तो विचारतच नाही.

त्यानंतर मी हे शब्द मुळापासून पाहिले. प्लेझर हा लॅटिन ‘प्लाकेरे’पासून फ्रेंचमार्गे आलेला शब्द. प्लाकेरे म्हणजे मनास येणं, पसंत पडणं. ‘प्लीज’ त्याच घरातला, आणि औषध नसलेली ‘प्लासीबो’ गोळीही तिथलीच. म्हणजे प्लेझरला समोर काहीतरी लागतं, आणि ते मला आवडावं लागतं. कायद्याच्या इंग्रजीत तर प्लेझर म्हणजे चक्क मर्जी. इंग्लंडचे न्यायाधीश एके काळी राजाच्या प्लेझरवर पदावर राहत. १७०१च्या अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंटने ते पद सद्वर्तनाशी बांधलं. आपल्या संविधानाच्या ३१०व्या अनुच्छेदातही हाच शब्द आहे. सरकारी नोकर राष्ट्रपतींच्या ‘आनंदा’पर्यंत पदावर राहतो, असं कुणी म्हणेल का?

हॅपिनेसचं कूळच वेगळं. ‘हॅप’ म्हणजे योग, नशीब. ‘हॅपन’ आणि ‘परहॅप्स’ त्याचीच भावंडं. हॅपी माणूस म्हणजे मुळात दैव बरं असलेला, म्हणून हा शब्द आयुष्याच्या एकूण हिशेबाला लागतो, आणि प्लेझर त्या त्या वेळेपुरतं. अमेरिकेच्या १७७६च्या जाहीरनाम्यात हॅपिनेसच्या मागे जाण्याचा हक्क सांगितला आहे. तिथे प्लेझर असतं तर जाहीरनाम्याचा सगळा सूरच उतरला असता. जॉय तर आणखी वेगळा, तो आतून उसळून येतो, बोलावून येत नाही. इंग्रजीत ‘गिल्टी प्लेझर’ म्हणतात, आपल्या भाषेत चोरटं सुख. ‘गिल्टी जॉय’ असं सहसा कुणी म्हणत नाही, कारण जॉयला लपायची गरज पडत नाही.

लेखातल्या डोपामीन या मेंदूतल्या रसायनाबद्दलही दोन शब्द. १९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत तारा बसवल्या, तेव्हा उंदीर विजेच्या त्या झटक्यासाठी पुन:पुन्हा कळ दाबत राहिले. त्यातून मेंदूतल्या ‘प्लेझर सेंटर’ची कल्पना पुढे आली. पुढे मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी दाखवलं की हवंसं वाटणं आणि आवडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डोपामीन जवळजवळ संपलेले उंदीरही गोड चव दिली की जिभल्या चाटत होते. डोपामीनचं नातं मुख्यतः ओढीशी आहे. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं की एका वाक्यात दोन चुका होतात.

आता मराठीचं काय? ‘आनंद’ आपल्याकडे फार वजनदार शब्द आहे. तैत्तिरीय उपनिषदात आनंद हेच ब्रह्म म्हटलंय, तो रोजच्या विणकामाला कसा लावायचा? ‘सुख’ जवळचं आहे, दुखरा पाय दाबून दिल्यावर आपण ‘सुख वाटलं’च म्हणतो. पण ‘सुखी आहात का’ असं विचारलं की माणूस थेट संसाराचा पाढा वाचायला लागतो. श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, या जुन्या जोडीतलं प्रेय अर्थाने सगळ्यात नेमकं, पण दवाखान्यात ते कुणाच्या कानाला ओळखीचं वाटायचं नाही. शेवटी मी लिहिलं: ‘एरवी आवडणाऱ्या गोष्टी करताना बरं वाटत नाही, त्यांत मन रमत नाही.’ शब्द वाढले, पण प्रश्न जागेवर आला. त्याच बाईंना पुन्हा वाचून दाखवला, तेव्हा क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, ‘नाही, तसं नाही झालं अजून.’ मी खूण ‘एकदाही नाही’च्या रकान्यात नेली.

आपला अंक हातात घेऊन कुणीतरी स्वतःची लक्षणं ताडून पाहत असेल. म्हणून विनंती अशी की त्या लेखातली नैराश्याच्या लक्षणांची चौकट, निदान तिचं पहिलं वाक्य, सुधारून पुन्हा छापावं. मजकूर लागला तर मी आनंदाने पाठवीन.

आपली नम्र,
एक अनुवादक