सगळा कापूस सरकारनंच घ्यावा ही मागणी करू नका

संपादक साहेब, नमस्कार.
सरकारनं शेवटच्या बोंडापर्यंत कापूस खरेदी करावा अशी मागणी करणारी पत्रं तुमच्या पेपरात सध्या बरीच येऊन राहिली. लिहिणाऱ्यांची तळमळ खरी आहे, पण त्यातल्या तरुण पोरांनी एकाधिकार खरेदी पाह्यली नसावी. आम्ही पाह्यली.

1972 पासून जवळपास तीस वर्षं महाराष्ट्रातला कापूस सरकारलाच विकायचा असा कायदा होता, बाहेर विकला तर गुन्हा. आमचं गाव पैनगंगेच्या काठावर, पलीकडे आदिलाबाद, तेव्हाचा आंध्र. तिकडे व्यापारी रोख द्यायचे आणि इकडे केंद्रावर चार-चार दिवस बंड्यांची लाईन, मग ग्रेडर मूठभर कापूस दाबून पाहणार अन् खालचा ग्रेड लावून मोकळा होणार, वरून चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, हप्त्याहप्त्यानं. ताईचं लग्न होतं त्या वर्षी बाबांनी रात्री बंडी जुपली, आवाज नको म्हणून बैलांच्या घंट्या सोडून ठेवल्या, मी वर गाठोड्यावर बसलो होतो, आठवीत असेन. नदीच्या उतारावर नाक्यावाल्यांनी धरलं. स्वतःच्या वावरातला कापूस आणि बाप हात जोडून उभा, चोरासारखा! कापूस जप्त झाला, लग्न सावकाराच्या पैशानं झालं.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी साहेब तेव्हा गावोगाव सांगायचे, भीक नको, हवे घामाचे दाम. आम्ही ते घोषणा म्हणून नाही, अनुभव म्हणून ऐकलं.

आता नाका नाही पण सरकारचा हात तोच आहे. 2012 च्या मार्चमध्ये एका दिवसात कापसाची निर्यात बंद केली, ओरड झाल्यावर बंदी उठवली. 2025 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कापूस वावरात उभा असताना, आयातीवरचा 11 टक्के कर काढून टाकला आणि मग ती सूट डिसेंबर संपेपर्यंत वाढवली. आयात मोकळी करायला माझी ना नाही, खरंच नाही, पण मग आम्हालाही मोकळं सोडा ना. अमेरिका, ब्राझीलचा शेतकरी तणनाशक सहन करणारं बियाणं पेरतो, आम्हाला ते पेरायची परवानगी नाही, आणि निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही. त्या सुटीत त्याचा कापूस विनाकर आमच्या दारात आला आणि आमचे हात बांधलेले, ही कुठली स्पर्धा? बियाणं मोकळं करा, निर्यातीला पुन्हा हात लावणार नाही असं लेखी द्या, मग हमीभावासाठी आम्ही तुमच्या दारात येणार नाही.

व्यापारी लुटतो म्हणतात. काही लुटतात, मी कोणाची वकिली करत नाही. गेल्या हंगामात एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यावर, ओलाव्याच्या नावानं क्विंटलमागे चार किलो कापायला निघाले, मी म्हटलं राहू द्या, गाडी भरलेली तशीच वळवली आणि दहा किलोमीटरवरच्या दुसऱ्या जिनिंगवर पूर्ण वजनानं विकली. सगळा कापूस एकट्या सरकारनं घ्यायचा ठरला तर ती गाडी मी कुठं वळवू, एवढं त्या पत्र लिहिणाऱ्यांनी सांगावं.

एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा