निकामी स्टेपनी, हुकलेली मैफल आणि कापलेली अनामत : सेल्फ ड्राइव्ह कंपनीस तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पुणे–गोवा बुकिंगमध्ये निकामी स्टेपनी दिल्याबद्दल व अनामत रकमेतील कपात परत मिळण्याबाबत

महोदय,

डिसेंबरमधल्या एका शनिवारी पणजीजवळ जॅझची मैफल होती. ती ऐकायला मी, माझे यजमान आणि सासरे तुमची गाडी घेऊन पहाटे पुण्याहून निघालो. मैफल संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली, आम्ही पोहोचलो साडेनऊला. असे का झाले याचा अनामत रकमेतून पैसे कापल्याच्या तुमच्या ईमेलमध्ये एका ओळीचाही उल्लेख नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

फास्टॅगचे आधी उरकते. भाड्यात ‘फास्टॅगसह’ असे लिहिले होते. खेड शिवापूरच्या नाक्यावर तो ब्लॅकलिस्ट निघाला आणि निपाणीपर्यंत प्रत्येक नाक्यावर आम्ही रोखीने दुप्पट टोल भरला. पावत्या जोडल्या आहेत.

खरी तक्रार निपाणी सोडल्यानंतरची. उत्तूरमार्गे आजऱ्याकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ असते. समोरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, गाडी कडेला घ्यावी लागली आणि डांबराच्या तुटलेल्या कडेवर मागच्या टायरची साइडवॉल फाटली. तिथे फाटलेल्या टायरचे पंक्चर निघत नाही. टायर फाटला याचा बोल मी तुम्हाला लावत नाही, त्या रस्त्यावर कोणाचाही फाटला असता. पण डिकीतून जी स्टेपनी निघाली तिचे फोटो कृपया मोठे करून पाहा. हवा नाही. कडेचे रबर तडकून आतली तार दिसते आहे. टायरवर उत्पादनाचे चार आकडे आहेत ३२१६, म्हणजे २०१६ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला माल. आणि रिमवर तुमच्या तपासनिसाचे हिरवे ‘ओके’ स्टिकर. जॅक होता, त्याचा दांडा नव्हता.

तुमच्या चोवीस तास मदत केंद्राने कोल्हापूरहून मेकॅनिक निघाल्याचे सांगितले. थोड्या वेळाने तो बेळगावहून निघाला. मग जवळच्या मॉलचे नाव विचारण्यात आले. उत्तूर–आजरा रस्त्यावर! आजऱ्याहून दुसरी गाडी करून पुढे जातो म्हटले, तर गाडी बेवारस सोडल्यास दंड लागेल अशी तंबी मिळाली. या संभाषणाचे रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, ते ऐकावे. मेकॅनिक शेवटपर्यंत आला नाही. एका ट्रॅक्टरवाल्याने यजमानांना आजऱ्यात सोडले, तिथल्या दुकानदाराने गडहिंग्लजहून मापाचा टायर मागवला आणि आपल्या पोराला जॅक घेऊन पाठवले. टायरचे ६,४०० रुपये आम्ही दिले. निघालो तेव्हा अंधार पडला होता. आंबोली घाटात धुके होते आणि तुमच्या गाडीचा डीफॉगर चालत नव्हता. सासरे पुढच्या सीटवर बसून मफलरने काच पुसत होते, घाट उतरेपर्यंत.

तुमच्या प्रतिनिधीने फोनवर सुचवले की कार्यक्रम यूट्यूबवर पाहता येईल. हे वाक्य मला फार लागले, म्हणून थोडे विषयांतर करते. जॅझमध्ये धून ठरलेली असते, पण तिच्यावर वादक त्या रात्री जे सुचेल ते वाजवतो. तीच धून दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडून तशी येत नाही. तुमच्या कार्यालयात कोणी ख्याल ऐकणारे असेल तर त्यांना विचारा, मैफल हुकणे म्हणजे काय ते सांगतील. माझ्या सासऱ्यांनी १९७८ साली मुंबईच्या रंगभवनात पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात अमेरिकन वादक सनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन ऐकला आहे. रंगभवनातले ते दिवस कधीच संपले. गोव्यातच ऐकायचे हा त्यांचा हट्ट, आणि तो उगाच नव्हे. मुंबईत ताजच्या बॉलरूमपासून हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रापर्यंत जॅझ वाजवणारी माणसे मोठ्या संख्येने गोव्याची होती. सी. रामचंद्रांबरोबर काम केलेले ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे बार्देशातल्या हळदोण्याचे. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. अशी नावे सासरे वाटेत कोल्हापूरपर्यंत सांगत होते.

मैफल उघड्यावर होती. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामुळे अशा कार्यक्रमांत ‘थोडा उशीर चालेल’ ही सोय नसते. आम्ही आत गेलो तेव्हा वादकांची ओळख करून देणे चालले होते. नंतर एक धून झाली, आणि खुर्च्या उचलायला सुरुवात झाली.

एवढे होऊन तुम्ही अनामत रकमेतून ७,५०० रुपये कापले. कारण काय, तर ‘ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे टायरचे नुकसान’. आमच्या पैशाने घेतलेला कोरा टायर आज तुमच्या गाडीला आहे. फाटलेला टायरही आम्ही डिकीत घालून परत केला. मग नुकसान नेमके कुठल्या टायरचे भरून घेतले? वर ‘सद्भावना’ म्हणून पुढच्या बुकिंगवर सवलतीचे कूपन पाठवले आहे. ते मला नको.

कापलेले ७,५००, टायरचे ६,४००, टोलचा जादा भुर्दंड आणि तीन तिकिटांचे ४,५०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मूळ खात्यात जमा करावेत. निकामी स्टेपनी देणे आणि मदत पाठवतो म्हणून न पाठवणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटी आहे. तुमच्या अटींत वादाचे ठिकाण बेंगळुरू लिहिले आहे, पण या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेच्या सेवेसाठी शुल्कही लागत नाही. मुदतीत पैसे न आल्यास पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मसुदा तयार आहे.

आणखी एक. काल सहज पाहिले तर तीच गाडी तुमच्या अ‍ॅपवर पुढच्या शनिवार-रविवारसाठी उपलब्ध दिसते. तिची स्टेपनी बदलली आहे की नाही, हे मला उलटटपाली लेखी कळवावे.

आपली,
सही/-
बुकिंगधारक ग्राहक, पुणे

सोबत : टोल, टायर व तिकिटांच्या पावत्या, स्टेपनीचे फोटो, मदत केंद्राच्या कॉलची नोंद